वागणुकीचे शब्द: पिरेअसच्या ऑफिसात ग्रीक शिकताना

पिरेअस बंदराच्या आक्ती मियाऊली रस्त्यावर ओळीने जहाज कंपन्यांची ऑफिसं आहेत. त्यांतल्याच एका ऑफिसात मी क्रू विभागात काम करते. भारतीय अधिकारी आणि खलाशी यांच्याबद्दल कॅप्टन इंग्रजीत अहवाल पाठवतात आणि वरिष्ठांसाठी त्यांचा ग्रीक गोषवारा मी करते. इंजिनाचे, रंगाचे, दोरखंडाचे शब्द तीन-चार महिन्यांत हाताखाली येतात. माणूस कसा वागतो हे सांगणारे शब्द मात्र वर्षानुवर्षं परीक्षा घेतात. ग्रीसमध्ये कामाला येणाऱ्यांनी, किंवा घरी बसून ग्रीक शिकणाऱ्यांनी, या शब्दांकडे सुरुवातीपासून लक्ष द्यावं म्हणून हे लिहिते आहे.

पहिल्याच वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. एका चीफ ऑफिसरबद्दल कॅप्टनने लिहिलं होतं की हा ज्युनिअर पोरांशी एम्पथीने, म्हणजे त्यांचं मन समजून घेऊन, वागतो. मी गोषवाऱ्यात ‘मे एंबाथिया’ लिहिलं. शब्दच ग्रीक, मग कोश कशाला उघडायचा असं वाटलं. आजच्या ग्रीकमध्ये एंबाथिया म्हणजे आकस. एका भल्या माणसाबद्दल मी लिहून दिलं होतं की हा हाताखालच्या पोरांवर डूख धरून असतो. त्याचं पुढचं कॉन्ट्रॅक्ट अडकलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना शंका आली, त्यांनी मूळ इंग्रजी अहवाल मागवून वाचला, तेव्हा उलगडा झाला. एम्पथीसाठी ग्रीक शब्द आहे एनसिनेस्थिसी. मी त्या अधिकाऱ्याला फोन करून माफी मागितली. तो शब्द त्या दिवसापासून विसरलेला नाही.

तेव्हा पहिलं सांगणं हेच की, इंग्रजी शब्द जितका ग्रीक दिसतो तितका तो जपून वापरा. सिंबाथिया म्हणजे एखादा माणूस आवडणं; कुणी गेल्याच्या दुःखात सहभागी व्हायचं असेल तर सिलिपितीरिया म्हणतात. पाथितिकोस म्हणजे निष्क्रिय, पुढाकार न घेणारा. इंग्रजी पथेटिकशी, म्हणजे केविलवाण्याशी, त्याचा आता संबंध नाही. इदिओतिस म्हणजे खासगी व्यक्ती, सरकारी नव्हे ती. आमच्या अहवालांत सगळ्यात उपयोगी पडणारा शब्द तिपिकोस. इंग्रजी टिपिकल डोक्यात ठेवून वाचलं तर वाटतं, हा चारचौघांसारखाच. ग्रीक वरिष्ठ मात्र कौतुक करत असतात: वेळेचा पक्का, कागदपत्रात काटेकोर.

जनावरांच्या बाबतीतही सावध राहावं लागतं. इंग्रजीत आणि मराठीत गाढव म्हणजे अक्कल नसलेला. ग्रीकमध्ये गाइदूरी म्हणजे दुसऱ्याची पर्वा न करणारा, उर्मट. रांगेत घुसणं, फुटपाथवर गाडी लावून वाट अडवणं, याला गाइदुर्या म्हणतात. आपण लाडात ‘गाढवा’ म्हणतो तसं इथे कुणाला म्हणू नका, तो संस्कारांवर घाव असतो. सभ्य माणसासाठी शब्द आहे एव्येनिकोस. त्याच्या मुळाशी ‘चांगल्या कुळातला’ हा अर्थ आहे, आपल्या कुलीन किंवा घरंदाजसारखाच. असभ्य तो अयेनिस, म्हणजे मुळात कूळच नसलेला.

माझी सगळ्यात आवडती जोडी थारोस आणि थ्रासोस. थारोस म्हणजे धैर्य, थ्रासोस म्हणजे उद्धटपणाची हिंमत. एका हिंदी सिनेमावेड्या सहकाऱ्याने विचारलं, ‘तुमच्याकडे हे दोन वेगळे कसे ठेवता?’ मी उत्तर शोधताना थबकले. आपल्याकडे ‘मनाचं धारिष्ट’ आहे आणि ‘धृष्टपणा’ही आहे. दोन्ही एकाच संस्कृत धातूतून आलेले, एक चांगल्याकडे वळला, दुसरा वाईटाकडे. ग्रीकची ही जोडीही त्याच प्राचीन मुळाची आहे. हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन भाषांनी एकाच शब्दाचे तसेच दोन भाग केले, हे कळलं त्या संध्याकाळी बंदरावरून घरी चालत जाताना माझं मन भरून आलं होतं. इंग्रजीत ‘व्हॉट अ नर्व्ह’ म्हणतात तिथे ‘ती थ्रासोस!’ म्हणायचं. शब्दशः नर्व्ह घेऊन ‘एही नेव्रा’ लिहिलंत तर अर्थ होतो, आज स्वारी चिडलेली आहे.

माझ्या वहीत तीन रकाने आहेत: इंग्रजी, ग्रीक, मराठी. वाक्प्रचाराचा नेम लागतो तो बहुतेक वेळा मराठीच्या रकान्यात. कोशात ‘कानी तिन पाप्या’ म्हणजे बदक होणे, न कळल्याचं सोंग करणे, असं मिळतं. पण पेंट लॉकरचा, म्हणजे जहाजावरच्या रंगाच्या कोठीचा, हिशेब विचारल्यावर साळसूद चेहरा करणाऱ्या माणसाला तो लावलेला ऐकला आणि मी ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ लिहून टाकलं. ‘स्त्रावा मात्या’ करणे, म्हणजे डोळे वाकडे करणे, हा आपला कानाडोळा. केसाचा दोर करणे म्हणजे राईचा पर्वत. एकदा मीटिंगमध्ये कुणाचंही नाव न घेता विषय निघाला की विश्रांतीच्या तासांची नोंद नीट भरली जात नाही. एक गृहस्थ लगेच उसळले, ‘मी तर रोज भरतो!’ टेबलाच्या टोकाकडून हळूच आवाज आला: ‘ओप्योस एही ती मीगा, मियाझेते.’ ज्याच्या अंगावर माशी, तोच अस्वस्थ. मी मनात म्हटलं, खाई त्याला खवखवे.

काही शब्द तर चक्क ओळखीचे निघतात. खातीरी हा तुर्कीतून ग्रीकमध्ये आलेला मूळ अरबी शब्द. ‘तुझ्या खातर’मधला खातर तोच. यिनाती म्हणजे खुन्नस, तोही त्याच वाटेने आला. त्याची म्हण आहे की यिनाती डोळा फोडतं. आपल्याकडे दुसऱ्याला अपशकुन करायला आपलं नाक कापतात. इंग्रजीतही नाकच कापतात. ग्रीकमध्ये डोळा जातो.

फिलोतिमोला मात्र इंग्रजी कोश पुरे पडत नाहीत. सन्मानाची भावना, कर्तव्यबुद्धी असं काहीबाही लिहिलेलं असतं. एका फिटरने पाळी संपल्यावरही, कुणी न सांगता, पंपाची गळती थांबेपर्यंत जागा सोडली नाही. आमचे सुपरिटेंडंट अहवाल वाचून एवढंच म्हणाले, ‘एही फिलोतिमो.’ मी मराठीच्या रकान्यात लिहिलं: जाण असलेला माणूस. याहून जवळचं मला अजून सापडलेलं नाही.

कोश घ्याल तर ग्रीक-ग्रीक घ्या. थेसालोनिकीच्या अरिस्टॉटल विद्यापीठाचा १९९८ चा त्रिआंदाफिलिदिस कोश ऑनलाइन फुकट आहे. इंग्रजी-ग्रीक कोशात मिळालेला शब्द तिथे परत उघडून उदाहरणं वाचायची, मगच कागदावर उतरवायचा. एलिनोमाथिया ही ग्रीक भाषेची प्रमाणपत्र परीक्षा द्यायची असली तरी ही सवय कामी येते.

संबोधनात मराठी माणसाचं पारडं जड आहे. ग्रीकमध्ये एसी म्हणजे तू आणि एसीस म्हणजे तुम्ही. आदराने बोलणं म्हणजे अनेकवचनात बोलणं. इंग्रजीत नावाने हाक मारण्याएवढी जवळीक झाली असं म्हणतात, इथे ‘आम्ही एकवचनात बोलतो’ म्हणतात, म्हणजे आपलं अरे-तुरे. सुरुवात कायम अनेकवचनाने करा, समोरचा सांगेपर्यंत थांबा. मला एका निवृत्त कॅप्टनने दुसऱ्या भेटीतच सांगितलं, ‘मीला मू स्तोन एनिको.’ माझ्याशी एकवचनात बोल. सत्तरी उलटलेला माणूस, माझी जीभच वळेना. त्यांना ते दिसलं. म्हणाले, मग हाक कापेतान्ये अशीच मार आणि क्रियापद तेवढं एकवचनी ठेव. तेव्हापासून मी फोन उचलला की ‘कापेतान्ये, ती कानीस?’ असंच विचारते. आईला आई म्हणून तू म्हणावं, तसं ते तोंडात सहज बसलं आहे.