एसी लावला की सिग्नलला गाडी थरथरते?

पेट्रोल गाडी एसी बंद असताना शांत चालते, पण एसी लावून सिग्नलला थांबलं की स्टिअरिंग थरथरतं, आरपीएमचा काटा ७००च्या खाली जातो, कधी गाडी बंदच पडते. गॅस भरायला किंवा कॉम्प्रेसर बदलायला धावू नका, आधी थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप असलेला भाग) बघा. माझ्या गाडीत झडपेच्या कडेला डांबरासारखा काळा थर बसला होता.

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, किल्ली काढा.
२. एअर फिल्टरकडून येणाऱ्या जाड रबरी पाइपचा क्लिप सैल करून पाइप काढा.
३. थ्रॉटल बॉडी क्लीनर मऊ फडक्यावर मारून झडप आणि तिची कड पुसा. मागची कडही, खरी घाण तिथेच असते.
४. पाइप घट्ट बसवा. एसी बंद ठेवून गाडी पाचेक मिनिटं नुसती चालू ठेवा, मग एसी लावून पाच मिनिटं.

पहिल्यांदा स्टार्ट करताना ती थोडी अडखळेल, घाबरू नका. फरक नाहीच पडला तर इंजिन माउंट (इंजिनला धरून ठेवणारे रबरी आधार) आणि स्पार्क प्लग तपासून घ्या.

एक मात्र सांभाळा: इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची (केबलऐवजी मोटरवर चालणारी) झडप बोटाने जोर लावून उघडू नका, आतले गिअर तुटू शकतात.