शुक्रवार आणि ऑक्टोपस: जुळवून घेण्यात वरचढ कोण, हे कसं ठरवावं

आधी पातळी ठरवा. येता एक शुक्रवार एका ऑक्टोपसशी ताडून पाहायचा, की ‘शुक्रवार’ ही अख्खी रूढी ऑक्टोपसच्या अख्ख्या जातीशी? बहुतेक तुलना इथेच फसतात. वाराच्या बाजूने शतकांचा इतिहास मांडला जातो आणि समोर असतो जेमतेम वर्ष-दोन वर्षं जगणारा एक जीव.

मग चार रकाने आखा: बाहेर काय बदललं, आत काय बदललं, बदल कोणी केला, किती वेळ लागला.

ऑक्टोपसची बाजू झटपट भरते. त्वचेतल्या रंगाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवतीचे स्नायू आखडले की पिशव्या ताणल्या जातात आणि सेकंदाच्या आत रंग पालटतो. कर्ता तो स्वतःच. पाणी थंडावलं तर काही जातींच्या मज्जासंस्थेतल्या आरएनएत (जनुकांचा संदेश वाहून नेणाऱ्या रेणूंत) हजारो ठिकाणी फेरफार होतात, पण त्याला तास-दिवस लागतात. या दोन नोंदी एकाच ओळीत कोंबू नका.

शुक्रवारची बाजू भरताना घाई नको. 1582 साली ग्रेगोरियन दिनदर्शिका लागू करणाऱ्या देशांत गुरुवार 4 ऑक्टोबरनंतर थेट शुक्रवार 15 ऑक्टोबर उजाडला. दहा तारखा गळाल्या, वारांचा क्रम जराही हलला नाही. 1867 मध्ये अलास्का रशियाकडून अमेरिकेकडे गेला तेव्हा तिथे लागोपाठ दोन शुक्रवार आले. 2022 पासून संयुक्त अरब अमिरातीच्या सरकारी कचेऱ्यांत सुट्टीचा शुक्रवार अर्ध्या दिवसाच्या कामाचा झाला. तिसऱ्या रकान्यात मात्र दर वेळी ‘माणसांनी’ असंच येईल. तो कोरा ठेवला, तर वार आपोआप जिंकल्यासारखा दिसतो. (वाराला मज्जासंस्था नसते, हे तुलनेच्या भरात खरंच विसरायला होतं.)

आता दोघं कुठे मोडतात ते तपासा. ऑक्टोपसला खारं पाणी लागतं: समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. गोड्या पाण्यात राहणारा ऑक्टोपस एकही नाही. शुक्रवारला सात दिवसांचं चक्र लागतं. सोव्हिएत संघात 1929 नंतर आधी पाच, मग सहा दिवसांचा आठवडा आला आणि कामाच्या वेळापत्रकातून शुक्रवार बाद झाला. 1940 मध्ये परतला. मेलेला ऑक्टोपस परतत नाही, म्हणून ‘पुन्हा उभं राहणं’ याचे गुण वेगळे द्या.

पॅसिफिकमधल्या सामोआ या बेटदेशाने 2011 मध्ये दिनरेषेची (जी ओलांडली की तारीख बदलते, त्या रेषेची) बाजू बदलताना शुक्रवार 30 डिसेंबर गाळलाच. ही नोंद पातळीप्रमाणे फिरते: रूढीच्या तक्त्यात ‘टिकला’, एका शुक्रवारच्या तक्त्यात सरळ शून्य.