पोरांना जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टला न्यायचंय? मग आधी त्र्यंबकला न्या

शाळेची फॉरेन ट्रिप म्हटली की एजंट लोक हमखास तोच कागद पुढे सरकवतात, नऊ दिवसांत पाच देश, आणि पोरं बसमध्ये झोपा काढत युरोप करून येतात. त्यापेक्षा एकच भाग धरा. जर्मनीच्या नैऋत्य कोपऱ्यातलं ब्लॅक फॉरेस्ट आठवी-नववीला मस्त आहे, आणि आपल्या नाशिकच्या पोरांना तर ते इतरांपेक्षा जरा जास्तच कळेल.

का, तर पाणी. पावसाळा संपला की पोरांना ब्रह्मगिरीवर चढवा आणि एवढंच विचारा की इथे पडलेलं पाणी जातं कुठे? गोदावरी इथून १४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला जाते, आणि त्र्यंबकच्याच डोंगरात उगम पावणारी वैतरणा अरबी समुद्राला. ब्लॅक फॉरेस्टमध्ये डिट्टो हेच आहे, एका उताराचं पाणी ऱ्हाईनमधून उत्तर समुद्राला, दुसऱ्याचं डॅन्यूबमधून पार काळ्या समुद्राला. हा एक धागा पकडून ट्रिप आखा, म्हणजे वहीत काय लिहायचं हे पोरांना सांगावं लागत नाही.

मुक्काम फ्रायबुर्ग किंवा टिटिसे तलावाच्या बाजूला, यूथ हॉस्टेलमध्ये, हॉटेलपेक्षा बरंच स्वस्त पडतं. तिथल्या बऱ्याच गावांत राहिलं की कोनुस कार्ड मिळतं, त्यावर लोकल ट्रेन-बस फुकट, पण सगळी गावं त्यात नाहीत म्हणून बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या.

फ्रायबुर्गहून ट्रेन डोंगर चढत टिटिसेवरून डोनाउएशिंगेनला जाते. तिथे चर्चला लागून दगडी कठड्याचं एक गोल कुंड आहे, तळाशी लोकांनी टाकलेली नाणी दिसतात, वर आई लेकीला वाट दाखवतेय असा पुतळा, लेक म्हणजे डॅन्यूब. कुशावर्त बघितलेल्या पोरांना काही समजवावं लागणार नाही. गंमत म्हणजे खरा उगम हाच का फुर्टवांगेनजवळचा ब्रेग नदीचा, यावर दोन्ही गावांचं जुनं भांडण आहे, वर्गात यावर डिबेट ठेवाच. फुर्टवांगेनलाच घड्याळांचं मोठं म्युझियम पण आहे, कुकू क्लॉक आतून कसं चालतं ते तिथे बघा, दुकानांत वेळ घालवू नका.

आणि इमेंडिंगेन. हे ब्लॅक फॉरेस्टच्या जरा बाहेर पडतं, पण इथे डॅन्यूब चक्क जमिनीत जिरते, चुनखडीतून खालून जाते आणि साधारण १२ किलोमीटरवर आखच्या झऱ्यातून वर येऊन ऱ्हाईनला मिळते. १८७७ मध्ये पाण्यात रंग आणि मीठ सोडून हे सिद्ध केलं होतं. गंगाद्वारला दिसून लुप्त झालेली गोदावरी कुशावर्तात परत येते ही आपल्याकडची श्रद्धा पोरांना माहीत असतेच, मग प्रश्न आपोआप येतात. पात्र कोरडं बघायचं असेल तर उन्हाळ्याचा शेवट बरा, मेमध्ये पाणी असू शकतं.

उत्तरेकडचा लोथर ट्रेल लांब आहे, अख्खा दिवस जातो, तरी न्या. डिसेंबर १९९९ च्या लोथर वादळात इथलं जंगल आडवं झालं आणि हा तुकडा मुद्दाम साफ न करता तसाच ठेवला, पडलेल्या खोडांमधून नवीन झाडं कशी येतात ते लाकडी वाटेवरून दिसतं. पिंपळगाव-दिंडोरीकडची पोरं असतील तर अर्धा दिवस काइझरस्टूलला द्या, जुन्या ज्वालामुखीच्या टेकड्यांवर द्राक्षाचे मळे आहेत, ती पोरंच तुम्हाला छाटणीवर लेक्चर देतील.

आता कागदपत्रं. मुलांचे पासपोर्ट आधी चेक करा, लहानांचा पाच वर्षांचाच असतो आणि निम्म्या घरांत तो संपलेला निघतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, मे गाठायचा तर डिसेंबर-जानेवारीतच हलायला लागा. आई-बाबा दोघांची सही असलेलं संमतीपत्र, जन्मदाखला, शाळेचं पत्र, ३०,००० युरोचं कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स. मेअखेर ते जूनमध्ये तिकडच्या शाळांना दोन आठवडे सुट्टी असते, हॉस्टेल फुल होतात, म्हणून मेचा पहिला पंधरवडा गाठा.

जंगलात गोचीड हा खरा त्रास आहे, साप-बिबट्या नाही. फुल पॅन्ट, पॅन्ट मोज्यात खोचलेली, आणि रोज रात्री गुडघ्यामागे, काखेत, केसांत बघायचं, मुलींचं मॅडमनी, मुलांचं सरांनी. त्या भागात गोचिडीमुळे मेंदूज्वर होतो, लशीबद्दल डॉक्टरांना दोन-तीन महिने आधी विचारा.

खाण्याचं सांगायचं तर चिवडा, खाकरा, शेंगदाण्याची चटणी बिनधास्त न्या, पण तूप, पेढे, पनीर नको, दूध-मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत आणि एअरपोर्टवर फेकून देतात. आजीला हे आधीच सांगा. रविवारी तिकडे दुकानं बंद, शनिवारी संध्याकाळीच ब्रेड-फळं घेऊन ठेवा, आणि जैन पोरं असतील तर कांदा-लसणाचं हॉस्टेलला लेखी कळवा, नुसतं व्हेज म्हटलं तर कांद्याचं सूप समोर येतं.