क्विझ नाइटच्या टेबलावर या चुका टाळा

इंदूरमध्ये विजयनगर, पलासियाच्या बाजूला हल्ली बऱ्याच ठिकाणी आठवड्यातला एखादा मधला वार क्विझचा असतो. शनिवार-रविवार गिऱ्हाईक आपोआप येतं, मधले दिवस भरायला बारवाल्यांची ही युक्ती. चार ते सहा जणांची टीम, पाच-सहा राऊंड, माईकवर क्विझ मास्टर, टेबलावर एक छापील शीट आणि एकच पेन. राऊंड संपला की शीट शेजारच्या टेबलाकडे तपासायला जाते. जिंकलात तर बिलात सूट, नाहीतर पुढच्या वेळचं व्हाउचर.

आम्ही चार मित्र, एक वहिनी आणि एक सिंधी शेजारी, असे नेमाने जातो. दुसऱ्यांच्या शीटा तपासून तपासून माझं एक मत पक्कं झालंय. उत्तर माहीत नसल्यामुळे पॉइंट जातात ते थोडे. टेबलावर कुणालातरी उत्तर येत असतं आणि तरीही शीटवर भलतंच जातं, ते जास्त.

प्रश्न संपायच्या आधी पेन चालवणं

क्विझ मास्टर वाचतो, "1929 मध्ये लता मंगेशकरांचा जन्म ज्या शहरात झाला..." झालं! अर्ध्या टेबलांवर पेनं सुरू. आपलं गाव, आपल्या लताबाई, छाती फुगलेली. प्रश्न मात्र पुढे चालूच आहे: "...त्याच शहरात 1973 मध्ये जन्मलेला भारताचा कसोटी कर्णधार कोण?" उत्तर राहुल द्रविड. आमच्याकडे तपासायला आलेल्या शीटवर मोठ्या अक्षरांत 'इंदूर' आणि खाली दोन ठसठशीत रेघा.

बारमधल्या क्विझचे प्रश्न असेच बांधलेले असतात. पहिला अर्धा भाग तुम्हाला खूश करायला, खरी विचारणा शेपटात. प्रश्न बहुतेक दोनदा वाचतात. नवीन पोरं पहिल्यांदा अर्धं ऐकतात आणि दुसऱ्यांदा वाचन चालू असताना आपसात वाद घालतात. आमच्या टेबलावर दुसरं वाचन संपेपर्यंत पेन आडवं ठेवायचं, उचलायचं नाही. यात फार मोठं शास्त्र नाही, पण ज्यांना घाई असते त्यांना हेसुद्धा जमत नाही.

मोठ्या आवाजाला खरं मानणं

ही माझी लाडकी चूक, म्हणजे लाडका राग म्हणा.

प्रत्येक टीममध्ये एक 'डोळे मिटून लिही'वाला असतो. आमच्याकडे प्रॉपर्टीचं काम करणारा मित्र आहे. माणूस दिलदार, बिल भरायला सगळ्यांत पुढे, पण उत्तरसुद्धा तो प्लॉट विकल्यासारखं देतो. एकदा प्रश्न आला: 1948 साली स्थापन झालेल्या मध्य भारत राज्याची राजधानी कोणती? गड्याने वाक्य संपताच जाहीर केलं, "भोपाळ. डोळे मिटून लिही."

वहिनींचं माहेर ग्वाल्हेरचं, तिथल्या लष्कर नावाच्या भागातलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो भावजी, भोपाळ नंतर. तेव्हा ग्वाल्हेर आणि इंदूर अशा दोन होत्या."

"दोन राजधान्या कुठे असतात, वहिनी?"

"हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. आमच्याकडची मे महिन्यातली लू तुम्ही पाहिलेली नाही. सरकार उन्हाळ्यात तिथे कशाला थांबेल?"

"वहिनी, तुम्ही राहू द्या. भिया, भोपाळ लिख."

त्या दिवशी पेन आमच्यातल्या सीएकडे होतं. तो हिशोबाला पक्का, पण आवाज चढला की लगेच मान तुकवणारा. त्याने वहिनींकडे पाहिलं, मित्राकडे पाहिलं आणि भोपाळ लिहिलं. उत्तर अर्थातच ग्वाल्हेर आणि इंदूर. भोपाळ राजधानी झालं ते 1 नोव्हेंबर 1956 ला, नवा मध्य प्रदेश झाला तेव्हा. मध्य भारत त्याच दिवशी संपलं.

एक पॉइंट गेला त्याचं मला फारसं काही नाही. पण पुढच्या राऊंडमध्ये इंदूरच्या माणिकबाग महालाचा आर्किटेक्ट विचारला. कुणालाच येईना. एखादं इंग्रज नाव ठोकून दिलं. उत्तर जाहीर झालं, एकार्ट मुथेशियस, जर्मन. तेव्हा वहिनी शेंगदाणा मसाल्यातला कांदा बाजूला करत म्हणाल्या, "जर्मन होता एवढं मला माहीत होतं." मग बोलल्या का नाहीत, असं विचारायची कुणाची टाप नव्हती. गप्प बसवलेला माणूस त्या रात्रीपुरता टीमच्या बाहेर गेलेला असतो. हा हिशोब स्कोअरबोर्डवर दिसत नाही.

उपाय दोन, दोन्ही अगदी घरगुती. पेन टेबलावरच्या सगळ्यांत कमी बोलणाऱ्याकडे द्यायचं आणि त्याने कुणाचाही आवाज न ऐकता कारण ऐकायचं. 'लू होती म्हणून' हे कारण आहे. 'डोळे मिटून' हे कारण नाही. आणि दोघं अडून बसले तर मी विचारतो, "शंभराची शर्त लावतोस?" ज्याला खरंच माहीत असतं तो लगेच हो म्हणतो. बाकीचे पापड मोडायला लागतात. आमचा प्रॉपर्टीवाला या एका वाक्यावर कितीदा माघारी फिरलाय!

किरकोळ, पण दर आठवड्याला दिसणाऱ्या

जागा रिकामी सोडू नका. चुकीच्या उत्तराला पॉइंट कापत नाहीत, तरी लोक परीक्षेला बसल्यासारखे घाबरून डॅश मारतात. गाण्याच्या राऊंडला बाई गातेय एवढं कळलं तरी लता नाहीतर आशा लिहून मोकळं व्हा.

खायचं आधी मागवा. चित्रांच्या राऊंडमध्येच पनीर टिक्का येतो आणि हिरवी चटणी नेमकी सातव्या फोटोवर सांडते.

टीमच्या नावावर वीस मिनिटं घालवणारे शेवटून दुसरे येतात. हे मी पैजेवर सांगतो.

फोन. टेबलाखाली धरलेला फोन कुणाला दिसत नाही हा गैरसमज आहे. अंधाऱ्या बारमध्ये हनुवटीखालून निळा उजेड पडतो, आणि शेजारचं टेबल तुमचीच शीट तपासणार असतं. ज्याला गुगलच करायचंय त्याने घरी बसावं, बीअर तिथे स्वस्त पडते.

'सगळ्यांनाच माहीत आहे' अशा उत्तराला दोन सेकंद थांबा. भारताचा राष्ट्रीय खेळ हॉकी, हे शाळेपासून घोटलेलं. 2012 मध्ये माहिती अधिकारात विचारलं, तेव्हा सरकारनेच सांगितलं की कुठलाच खेळ तसा जाहीर केलेला नाही. असा प्रश्न विचारला गेला की समजा, तो फसवायलाच विचारलाय.

दुप्पट पॉइंटचा जोकर पहिल्याच राऊंडवर लावून टाकू नका. आणि सिनेमाच्या राऊंडवर तर नकोच, तिथे सगळ्यांनाच भरपूर मिळतात. जिथे बाकीची टेबलं कुजबुजायला लागतात आणि तुमच्याकडे एक माणूस पक्का असतो, तिथे तो लावायचा.

नुसतं आडनाव लिहून सोडणं

एकदा 'इंदूर स्पेशल' राऊंड होता. प्रश्न: एकाच प्रथम श्रेणी सामन्यात सर्वांत जास्त, 917 चेंडू टाकणारा होळकर संघाचा गोलंदाज कोण? 1944-45 च्या रणजी फायनलची ही गोष्ट, मुंबईविरुद्धची. त्याच सामन्यात इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला होता. लष्करी नोकरीत तो तेव्हा महूला होता. नाबाद 249 केले आणि तरीही होळकर हरले.

शेजारची शीट आमच्यासमोर आली. ग्लासाचा ओला गोल उठलेला आणि त्याच्या बरोबर मधोमध एकच शब्द: नायडू.

आता नायडू दोन. दोघं सख्खे भाऊ, दोघं होळकरांकडून खेळले, दोघं भारताकडूनही. थोरले सी. के., म्हणजे 1932 मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे कर्णधार. धाकटे सी. एस., लेगस्पिनर. 917 चेंडू धाकट्यांचे. मी शीटवर प्रश्नचिन्ह टाकलं, तर ते टेबल उठूनच आलं. "भिया, नायडू तो नायडू है!" क्विझ मास्टरने माईक बाजूला धरून विचारलं, "कौन सा?" एकाच क्षणी एक जण म्हणाला सी. के. आणि दुसरा म्हणाला सी. एस. शून्य. रागावून त्यांनी पुढच्या राऊंडमध्ये आमची शीट तपासताना आमच्या 'ऱ्हस्व-दीर्घा'वर हरकत घेतली, तीही इंग्रजी स्पेलिंगच्या.

आद्याक्षरं लिहायला पैसे पडत नाहीत. होळकर म्हटलं तर कोणते? इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलातला 'वाय' यशवंतराव, पण यशवंतराव कोणते, पहिले की दुसरे? गांधी कोणते? पूर्ण नाव खात्रीने येत असेल तर पूर्ण लिहा. नसेल तर आडनावावर थांबणं समजू शकतो, पण मग भांडायला येऊ नका. क्विझ मास्टरशी बोलायचंच असेल तर टीममधल्या एकाने जावं, एक वाक्य बोलावं आणि परत यावं. सहा जण उभे राहिले की तो उत्तर देत नाही, बचाव करतो.

पीडीएफ पाठ करून येणं

भंवरकुआंकडची स्पर्धा परीक्षेची मुलं येतात कधीकधी. हुशार असतात, राज्यघटनेची कलमं तोंडपाठ. पहिल्या राऊंडला सगळ्यांच्या पुढे, तिसऱ्याला दिसेनाशी. त्यांच्याकडे याद्या असतात आणि बारमधली क्विझ विचारते ती सांधेजोड. गेल्या शतकात बांधलेला माणिकबाग महाल, त्याचा जर्मन आर्किटेक्ट, आणि त्याच इमारतीत आज असलेलं करखात्याचं कार्यालय, हे तीन धागे एका यादीत सापडत नाहीत. त्या रस्त्याने आपण जातो, पाटी वाचत नाही. मी वाचतो. रस्त्यांची नावं, पुतळ्याखालचा मजकूर, लग्नाच्या हॉलबाहेरची देणगीदारांची फरशीसुद्धा. 'हजार प्रश्न आठ दिवसांत' वगैरेंवर माझा काडीचा विश्वास नाही.

टाय-ब्रेकरला बावचळणं

बरोबरी झाली की बहुतेक एखादा आकडा विचारतात. जो जवळ जाईल तो जिंकला. लोक इथे देवाचं नाव घेऊन काहीतरी ठोकतात. तसं न करता, माहीत असलेल्या एखाद्या आकड्यावरून चालत जायचं असतं.

आम्हाला विचारलं होतं, नर्मदेची लांबी किती किलोमीटर? मिनिटभर वेळ होता. प्रॉपर्टीवाल्याने तोंड उघडलं, पण पैजेच्या भीतीने मिटलं. वहिनी म्हणाल्या, "आमच्या आत्याबाई परिक्रमेला गेल्या होत्या. चालणं सव्वीसशे किलोमीटरचं म्हणायच्या." सीएने लगेच शीटच्या कोपऱ्यात 2600 लिहिलं आणि खाली भागिले दोन. परिक्रमा दोन्ही काठांनी होते ना, मग नदी निम्मी. सिंधी शेजारी म्हणाला की काठाकाठाने वळणं जास्त पडतात, थोडे कमी करा. वहिनींनी नको म्हटलं आणि या वेळी पेनवाल्याने त्यांचं ऐकलं. आम्ही 1300 लिहिलं. खरी लांबी 1312.

समोरच्यांनी 900 लिहिलं होतं. त्यांची चिठ्ठी प्रश्न वाचून होताच क्विझ मास्टरच्या हातात पोचली होती आणि उरलेलं मिनिटभर ते आमच्याकडे बघून हसत होते.