जुन्या जीपला सीट बेल्ट बसवायचाय? आधी पत्रा बघा, मग बेल्ट

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मुळशीच्या पलीकडे एका ट्रेलवर आमची महिंद्राची एमएम ५४० जीप डाव्या कुशीवर गेली. वेग काय, चालत्या माणसाएवढा. उजवं चाक दगडावर चढलं, डावं चिखलात खचलं आणि गाडी हळूच आडवी झाली. मी बेल्ट लावलेला होता तरी खालचा बोल्ट वॉशरसकट पत्र्यातून उपटून आला आणि मी अख्खाच्या अख्खा शेजारच्या मित्राच्या अंगावर पडलो, त्याचं खांद्याचं हाड मोडलं. पट्ट्याला ओरखडासुद्धा नव्हता, बकल पण लागलेलंच होतं. गेला तो फ्लोअरचा पत्रा. गाडी घेतली तेव्हा एका गॅरेजमध्ये बेल्ट बसवून घेतले होते, त्यांनी साधा हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट आणि खाली रुपयाएवढं वॉशर टाकलं होतं आणि मी एकदाही खाली वाकून बघितलं नव्हतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, जुनी जीप, जिप्सी, मेजर, जुनी थार, असं काहीही घेऊन डोंगरात जाणाऱ्यांसाठी.

आधी एक आकडा डोक्यात ठेवा. युरोपियन नियमांप्रमाणे गाडीचे बेल्टचे पॉइंट टेस्ट करतात तेव्हा खांद्याच्या पट्ट्यावर १३,५०० न्यूटन आणि त्याच वेळी कंबरेच्या पट्ट्यावर पण १३,५०० न्यूटन ओढ देतात, म्हणजे प्रत्येक पट्ट्यावर साधारण एका अख्ख्या जीपचं वजन. आता आपल्या जीपच्या टबचा, म्हणजे चॅसिसवर बसलेल्या बॉडीचा, पत्रा आठवा, त्यात पंचवीस-तीस वर्षांचा गंज धरा, आणि मग ठरवा की नुसत्या पत्र्याला भोक पाडून बेल्ट लावायचा का.

बेल्ट कुठला घ्यायचा? माझं मत स्पष्ट आहे, जी गाडी रोज रस्त्यावर पण चालते आणि महिन्यातून एखाद वेळी ट्रेलवर जाते तिला थ्री पॉइंट (तीन जागी धरलेला), रिट्रॅक्टरवाला, म्हणजे पट्टा आपोआप गुंडाळणारं रीळ असलेला बेल्टच घ्या. १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोहलिननी हा बेल्ट गाडीत आणला, एका हातानं लागतो, आणि लागायला सोपा म्हणून खरंच लावला जातो. रेसिंगवाले चार पॉइंटचे लाल-निळे हार्नेस दिसायला भारी दिसतात पण त्यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे खांद्याचे दोन्ही पट्टे घट्ट ओढले की मधलं बकल वर सरकतं आणि कंबरेचा पट्टा हाडावरून निसटून पोटावर येतो, जोरात धक्का बसला की माणूस त्याच्याखालून घसरतो आणि सगळा भार पोटातल्या अवयवांवर. त्यासाठी मांड्यांच्या मधून जाणारा पाचवा-सहावा पट्टा लागतो, म्हणजे हार्नेस घ्यायचाच तर पाच किंवा सहा पॉइंटचा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, हार्नेस माणसाला ताठ बांधून ठेवतो. डोक्यावर चांगला रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी न चेपणारा पाइपचा सांगाडा, असेल तर उत्तम, पण नुसतं ताडपत्रीचं हूड आणि काचेची फ्रेम असेल आणि गाडी उलटी झाली तर तुमचं ताठ डोकं हीच गाडीची सगळ्यात उंच जागा होते. केज नाही तर हार्नेस नाही, इतकं सरळ आहे. (आणि केज बनवणार असाल तर आरटीओत काय चालतं ते आधी विचारून घ्या, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे.)

विकत घेताना पट्ट्यावरचं लेबल बघा. गोलातला ई आणि शेजारी १६ नंबरच्या नियमाचा मार्क असेल तर तो बेल्ट युरोपच्या टेस्टमधून गेलेला आहे. हार्नेसवर एसएफआय किंवा एफआयए या मोटरस्पोर्टच्या संस्थांचं लेबल असतं, एसएफआयवाल्याची मुदत तारखेपासून दोनच वर्षं, एफआयएच्या लेबलवर शेवटचं वर्ष छापलेलं असतं. लेबलच नसेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी नको. आणि भंगारातनं आणलेला बेल्ट तर नकोच नको, पैसे वाचतात हे मान्य, पण ती गाडी भंगारात का आली हे तुम्हाला कोण सांगणार? एका मोठ्या धक्क्यात पट्टा ताणला जातो आणि परत तेवढा ताण घेत नाही. नवीन गाड्यांच्या बेल्टमध्ये धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारा प्रीटेन्शनर असतो, त्यात चक्क बारूद असते, त्याला घरी हात लावू नका.

रिट्रॅक्टरबद्दल थोडं जास्त सांगतो कारण ऑफरोडला इथेच सगळे वैतागतात. त्या रिळात दोन प्रकारचं लॉक असतं, एक पट्टा झटक्यात ओढला की लागतं आणि दुसरं गाडी कलली किंवा जोरात ब्रेक लागला की आतल्या गोळीमुळे लागतं. नियमाप्रमाणे १२ अंशांपर्यंत कललं तर ते लॉक होता कामा नये, आणि साध्या प्रकारात २७ अंशांच्या पुढे झालंच पाहिजे. हे अंश मोजायचे ते रीळ ज्या कोनात बसवायला बनवलंय तिथून. म्हणजे उभ्या पिलरसाठीचं रीळ तुम्ही केजच्या तिरक्या पाइपला तिरकंच ठोकलं तर सपाट रस्त्यावर पण पट्टा बाहेर येणार नाही, मग लोक कंटाळून बेल्ट लावणं सोडतात. घेताना दुकानदाराला कोन सांगा, ॲडजस्ट होणारी रिळं पण मिळतात, किंवा ब्रॅकेट असं बनवा की रीळ हव्या त्या कोनात येईल. आणि ट्रेलवर चढणीत पट्टा लॉक होतो तो बिघाड नाही, ते त्याचं काम आहे. फक्त सपाट जागेवर असतानाच बेल्ट लावून घट्ट करून घ्यायचा, चढावर थांबून लावायला गेलात तर बाहेरच येणार नाही.

आता बसवायचं. पहिल्यांदा सीटवर तुम्ही स्वतः बसा, पाठ टेकून, जसे चालवता तसे, आणि कुणालातरी मार्किंग करायला लावा. थ्री पॉइंटचा वरचा पॉइंट खांद्याच्या उंचीला किंवा त्याच्या वर हवा, खाली कधीच नाही, खाली असला की पट्टा धक्क्यात खांदा खाली दाबतो आणि मणका चेपतो. हार्नेसचे खांद्याचे पट्टे मागे जाताना आडवे किंवा फार तर २० अंश खाली, सीटमागे फ्लोअरला उतरवलेले हार्नेस दिसतात ते याच कारणानं धोक्याचे. कंबरेचा पट्टा बाजूनं बघितला तर ४५ ते ७५ अंशांच्या मधे खाली-मागे जायला हवा आणि कंबरेच्या हाडांवर बसायला हवा. थ्री पॉइंटचं बकल कुशीपाशी, पोटावर नाही.

ड्रिल हातात घ्यायच्या आधी गाडीखाली झोपा. हे मी ओरडून सांगेन. ब्रेकची लाइन, डिझेलची लाइन, वायरिंग सगळं बघा, आणि बऱ्याच जुन्या जीपमध्ये टाकीच ड्रायव्हर सीटच्या खाली असते, तिथे वरून ड्रिल मारणं म्हणजे काय ते तुम्हीच समजा. बॅटरीची वायर काढून ठेवा. पत्रा हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघा, भद्द आवाज आला किंवा स्क्रूड्रायव्हर आत गेला तर आधी तेवढा पत्रा कापून नवीन वेल्ड करून घ्या, बेल्ट नंतर.

बोल्ट बेल्टसोबत आलेलेच वापरा. जगभर बेल्टला ७/१६ इंची, इंचाला २० आटे असलेला यूएनएफ (बारीक आट्यांचा) बोल्ट चालतो, डोक्यावर ८.८ किंवा त्याच्यावरचा ग्रेड कोरलेला असतो. आपल्याकडच्या एम१२ नटात तो दोन आटे जातो आणि अडकतो, मग कुणीतरी पाइप लावून ओढतं आणि आटे खलास. भोकाच्या खाली प्लेट हवीच. मोटरस्पोर्टच्या नियमात किमान ३ मिमी जाड आणि ४० चौरस सेंटिमीटरची सांगतात, म्हणजे साधारण ६५ बाय ६५ मिमी, मी ४ मिमीच्या ७५ बाय ७५ केल्या, कोपरे गोल करून, नाहीतर कोपराच पत्रा कापतो. शक्य असेल तिथे प्लेट टबच्या कोपऱ्यात वाकवून दोन बाजूंना धरेल अशी करा. भोकाच्या कडेला रेड ऑक्साइड मारा, पाणी तिथूनच शिरतं.

केजला बेल्ट लावायचा तर पाइपला आरपार भोक पाडून बोल्ट मारू नका, पाइप चेपतो. पाइपमधून बुश घालून दोन्ही बाजूंनी वेल्ड करायचं, किंवा हार्नेससाठी आडवा पाइप देऊन पट्टा त्याच्याभोवती गुंडाळायचा. वेल्डिंग होईपर्यंत बेल्ट गाडीत नको, एक ठिणगी पुरते. अजून एक गोष्ट जी आमच्याकडे कुणी सांगत नाही, टब चॅसिसवर रबरवर बसलेला असतो. कंबरेचा पट्टा टबला आणि खांद्याचा सरळ चॅसिसला धरलेल्या केजला असं केलं आणि धक्क्यात टब सरकला तर दोन पट्टे माणसाला दोन दिशांना ओढणार. सीट आणि बेल्टचे सगळे पॉइंट एकत्र हलतील असं बघा.

घट्ट करताना बेल्टचा पत्र्याचा कान बोल्टवर मोकळा फिरला पाहिजे, त्यासाठी खांदा असलेला बोल्ट किंवा स्पेसर असतो, तो फेकू नका. टॉर्क किटच्या कागदावर असतो, टॉर्क पान्यानं तेवढाच द्या. आट्यांवर थ्रेडलॉकचे (बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचे) दोन थेंब. हार्नेसचा पट्टा तीन दांड्यांच्या स्लायडरमधून नेला की परत उलटा त्याच्यातून घ्यायचा आणि शेपूट १० सेंटिमीटर तरी सोडायचं, एकदाच ओवलेला पट्टा ओढ बसली की सरकत जातो.

मागच्या आडव्या बाकांचं काय, हे सगळे विचारतात. समोरासमोर तोंड करून बसणाऱ्या बाकाला खांद्याचा पट्टा लावू नका, पुढून धक्का बसला की माणूस बाजूला फेकला जातो आणि पट्टा मानेत येतो. तिथे फार तर कंबरपट्टा, तो पण प्लेट टाकून. खरं म्हणजे ट्रेलवर त्या बाकांवर कुणाला बसवूच नये, लहान मुलांना तर अजिबात नाही. आम्ही बाक काढून समोर तोंडाची दोघांची एक सीट टाकली आणि दोन्ही जागांना थ्री पॉइंट दिला, गाडी चारजणांची झाली, चालतंय.

सगळं झालं की घट्ट बसून पूर्ण जोरानं पुढे ओढून बघा, सीट पुढे-मागे करून बघा, डावा हात, उजवा हात, दोन्हींनी बकल सुटतंय का बघा. बेल्ट कापायचं कटर दोन्ही हातांना पोचेल अशा जागी बांधा. गाडी उलटीच झाली तर आधी एक हात छताला टेकवायचा, पाय घट्ट रोवायचे, मगच बकल दाबायचं.

प्रत्येक चिखलाच्या ट्रिपनंतर पट्टा पूर्ण बाहेर ओढून कोमट पाण्यात साबण घालून पुसा, सावलीत वाळवा आणि मगच आत सोडा, ब्लीच किंवा पेट्रोल लावू नका. चिखलाची कणी रिळात गेली की पट्टा परत जात नाही. उघड्या जीपमध्ये उन्हानं पट्टा पांढुरका आणि कडक होतो, कडेचे धागे सुटतात, तसा दिसला की बदला. बोल्ट मी प्रत्येक पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर खाली झोपून तपासतो, प्लेटवरून नट आणि बोल्टच्या टोकापर्यंत पेंटनं एक रेघ मारून ठेवलीय, रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय.

मित्राचा हात आता व्यवस्थित आहे, त्या गाडीतल्या सगळ्या प्लेटा त्यानंच ग्राइंडरनं कापल्या.