डाळिंबाचा रस अस्सल आहे का, हे तपासताना या चुका टाळा

धुळे-साक्रीकडचे डाळिंब उत्पादक आणि छोटे रसउद्योजक प्रयोगशाळेत आले की बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "भाऊ, ब्रिक्स किती आला?" प्रश्न रास्त आहे, परंतु केवळ त्याच्या उत्तरावरून रस अस्सल ठरवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेल्या घन पदार्थांचे, मुख्यतः साखरेचे, प्रमाण. त्यामुळे रसात पाणी ओतून वर साखर विरघळवली तरी १२ चा आकडा सहज गाठता येतो. उसाची साखर पकडायची असेल तर कार्बनच्या समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंची) तपासणी मागावी, कारण ऊस आणि डाळिंब हवेतील कार्बन वेगवेगळ्या मार्गांनी घेतात आणि तो फरक साखरेत टिकून राहतो. मात्र द्राक्षाचा किंवा सफरचंदाचा स्वस्त रस मिसळला असेल, तर ही तपासणी काहीच सांगत नाही, कारण ती फळेही डाळिंबाच्याच मार्गाने कार्बन घेतात. तेथे टार्टारिक आम्ल जास्त निघाले तर द्राक्षाचा आणि सॉर्बिटॉल जास्त निघाले तर सफरचंदाचा संशय घ्यावा.

दुसरी चूक आपल्या उन्हाळ्याची आहे. ब्रिक्स मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरचे माप २० अंश सेल्सिअसला धरलेले असते. ३० अंशांवरचा रस, तापमानाची दुरुस्ती न करता, सुमारे पाऊण ब्रिक्स कमी दाखवतो, म्हणजे १२ चा चांगला रस सव्वाअकराचा भासतो. हातात धरायच्या साध्या उपकरणातील आपोआप दुरुस्तीही बहुधा ३० अंशांपर्यंतच चालते, म्हणून मे महिन्यात नमुना आधी थंड करावा.

नमुना पोहोचेपर्यंत काय होते, याकडे तर फारच कमी लक्ष दिले जाते. धुळ्याहून एसटीने आलेल्या एका बाटलीचे झाकण मी सैल केले, तेव्हा फेस थेट टेबलावर आला. यीस्टने साखर खाऊन मद्य व वायू तयार केला होता आणि त्या रसाविषयी काहीही खात्रीने सांगणे अशक्य झाले होते. स्वच्छ बाटली भरताच गोठवावी आणि बर्फाच्या पेटीतून पाठवावी. गोठताना रस फुगतो, म्हणून वर थोडी जागा ठेवावी.

आम्लता मोजताना रसात अल्कली घालत जातात; कुठे थांबायचे हे रंगाने दाखवणाऱ्या फिनॉल्फथॅलीनवर मात्र विसंबू नये. डाळिंबाच्या गडद लाल रंगात त्याची गुलाबी छटा दिसतच नाही, शिवाय अल्कली पडताच रसाचा स्वतःचा रंगही बदलतो. त्याऐवजी सामूमापक (पीएच मीटर) वापरून सामू ८.१ झाला की थांबावे.

तुलनेसाठी त्याच बागेतील फळांचा रस स्वतः काढून सोबत द्यावा, आणि तो कारखान्याच्याच पद्धतीने काढावा: तेथे केवळ दाणे पिळत असतील तर दाणेच, सालीसकट दाबत असतील तर सालीसकट. सालीतील टॅनिन हे तुरट द्रव्य रसात उतरते, त्यामुळे पद्धत बदलली तर दोन्ही अस्सल रसांचे आकडे जुळत नाहीत.