मांजराचं इन्सुलिन: वेळ कशी जमली

लक्षण असं: मधुमेहासाठी इन्सुलिन चालू असूनही आमचा बोका वाटीभर पाणी संपवायचा, शूच्या वाळूत मुताचे मोठाले गोळे, आणि रक्तातली साखर कधी खूप वर तर कधी एकदम खाली. आम्ही गोव्यात चोडण बेटावर राहतो. रायबंदरच्या फेरीबोटीला रांग लागली की संध्याकाळचं इंजेक्शन उशिरा. खाणं बदललं, डॉक्टरांनी डोस वाढवून पाहिला, फरक नाही. जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

उपाय वेळेतच निघाला. फेरी चुकली तरी गाठता येईल अशी वेळ धरली: सकाळी ७.३०, संध्याकाळी ७.३०. बरोबर १२ तास. डॉक्टरांना विचारून रोज थोडंथोडं सरकवत तिथे आणलं.

आधी खाणं. तो खात असताना फ्रिजमधली बाटली काढून तळहातांत हलकेच फिरवायची, जोरात हलवायची नाही. बाटलीवर दर मिलीला ४० युनिट असं लिहिलं असेल तर सिरिंजही ४० चीच. १०० ची चालत नाही. कुशीवरची कातडी चिमटीत उचलून सुई, मग केस ओले झालेत का, म्हणजे औषध बाहेर सांडलं का, ते बोटाने पाहायचं. ओले असले तरी दुसरं इंजेक्शन नाही. बोका जेवला नाही तर डोस न देता आधी डॉक्टरांना फोन. साखर उतरून लटपटला तर हिरड्यांना मध चोळून लगेच दवाखाना.